सुनेच्या हातची भाकर चालेल का?

“मॅडम, तिच्या हातची भाकर खाल्ली तर चालेल का?”

घरात कुणाला एचआयव्ही निघाला की औषधाच्या आधी हा प्रश्न येतो. कधी भाकरीच्या जागी तांब्या असतो, कधी संडास, कधी एकाच गोधडीत झोपणारं लेकरू. बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबाची हकिकत सांगते, कारण नेहमी कानावर येणारे बहुतेक समज त्या एकाच घरात भेटले. नवरा-बायकोची लिहायला परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सून गरोदर होती. उपकेंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासण्या झाल्या, त्यात एचआयव्हीची चाचणी पॉझिटिव्ह दिसली आणि आशाताई तिला आमच्या एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात घेऊन आल्या. उपकेंद्रातली ती एक चाचणी म्हणजे पक्का निकाल नव्हे. आमच्याकडे वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात देतात. तिच्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या.

नवऱ्याला बोलावलं तर तो म्हणाला, “तिची केली ना? मग माझी कशाला? मी दिवसभर मोळ्या वाहतो, मला साधा ताप नाही.” बायकोचा रिपोर्ट नवऱ्याला लागू होत नाही. एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी आम्ही नेहमी पाहतो, म्हणून ज्याची त्याची तपासणी लागते. आणि अंगात ताकद आहे म्हणजे विषाणू नाही, असंही नाही. एचआयव्ही हा विषाणू. उपचार न करता तो वर्षानुवर्षं, कित्येकदा आठ-दहा वर्षं, गुपचूप शरीराची प्रतिकारशक्ती पोखरत राहतो. ती फार खालावली, टीबीसारखे आजार मागे लागले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. वेळेवर गोळ्या सुरू केलेल्या माणसाला ती अवस्था बहुधा येतच नाही. दादा दोन दिवस विचार करून आले. त्यांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

आईला सांगायचं की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं होतं. त्यांच्या संमतीशिवाय मी सासूला काय, सख्ख्या भावालाही सांगू शकत नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा तेच सांगतो, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. पण बाळंतपण आणि बाळाचं खाणंपिणं सासूच्याच हातात असणार होतं, म्हणून दोघांनी विचार करून सांगितलं. पुढच्या खेपेला मावशी स्वतःच सोबत आल्या.

“आधी तिचा निघाला,” त्या खुर्चीत टेकायच्या आत म्हणाल्या. “म्हणजे तिनंच आणला. लेकाला तिच्यापायी झालं.”

सगळ्या गैरसमजांत मला हा सर्वांत क्रूर वाटतो. मराठवाड्यात यापायी किती सुना माहेरी पाठवल्या गेल्या, ते आम्ही समुपदेशक जाणतो. मी मावशींना विचारलं, “तुमच्या लेकाची याआधी कधी ही तपासणी झाली होती?” नाही. “सुनेची का झाली?” पोटुशी होती म्हणून. सरकार प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करतं. धडधाकट पुरुषाला कुणी आपणहून विचारत नाही. म्हणून बाईचा रिपोर्ट आधी येतो, एवढाच त्याचा अर्थ. विषाणू कुणाच्या अंगात आधी आला, कुठून आला, कधी आला, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. मीही ते शोधत बसत नाही. दोघांना उद्यापासून गोळी सुरू होणं, हे माझं काम.

मावशी गप्प बसल्या. पटलं म्हणून नव्हे, हे मला दिसत होतं. तेवढ्यात सुनेनं पिशवीतून डबा काढला आणि त्याखाली ठेवलेलं स्टीलचं ताट माझ्या टेबलावर ठेवलं. लग्नात आलेलं ताट, मागे मामाचं नाव घातलेलं. त्या नावाच्या शेजारी खिळ्यानं ओरखडून फुली मारली होती. “हे आता माझं,” ती म्हणाली. “तांब्यावर पण आहे.” लेकाच्या ताटावर मात्र फुली नव्हती.

मग मी भाकरीपासून सुरुवात केली. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त किंवा दूषित सुई, आणि आईकडून बाळाला, एवढ्याच वाटांनी हा विषाणू जातो. थुंकी, घाम, अश्रू, एकत्र जेवण, एक संडास, मिठी, लेकराला जवळ घेऊन झोपणं, यातून जात नाही. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही आणि धड कातडीतून आत शिरत नाही. मावशींचा पुढचा प्रश्न नेमका होता: “कोयता लागून बोट कापलं आणि त्याच हातानं पीठ मळलं तर?” जखम झाली की साबण-पाण्यानं धुवून पट्टी बांधायची, हे कुणाच्याही घरात करायचंच. पण अन्न खाऊन एचआयव्ही होत नाही, आणि भाकर तर तापल्या तव्यावरून उतरते. दाढीचं ब्लेड आणि सुई तेवढी ज्याची त्याची वेगळी.

“आणि डास?” डास चावताना आधीच्या माणसाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही, स्वतःची लाळ सोडतो. हा विषाणू डासाच्या पोटात वाढतही नाही. डासानं पसरला असता तर हिवतापासारखा वस्तीतल्या लहानथोर सगळ्यांना झाला असता. बीडजवळ पालीला इन्फंट इंडिया आहे, लातूर जिल्ह्यात हासेगावला सेवालय आहे. तिथं एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांबरोबर कार्यकर्ते वर्षानुवर्षं राहत आले आहेत. मी मावशींना म्हटलं, विश्वास नसेल तर एकदा पालीला जाऊन बघून या.

त्या गेल्या नाहीत. पण मी ताटाचा हट्ट तिथंच सोडला, कारण मला मावशींकडून दुसरी गोष्ट हवी होती: घुटी.

आईला उपचार नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. आईनं रोज गोळी घेतली, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि बाळाला जन्मल्यावर ठरलेलं औषध दिलं, तर तेच प्रमाण 5 च्या खाली येतं. “बाळाला होणारच” असं म्हणून गर्भ पाडायला निघालेल्या बाया मी पाहिल्या आहेत, म्हणून हे आकडे लिहिते. अंगावर पाजायचं असेल तर पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध. घुटी, मध, वरचं दूध, साखरेचं पाणी, यातलं काही नाही. वरच्या खाण्यानं बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. आपल्याकडे घुटी आजी उगाळते. म्हणजे या बाळाला वाचवण्याचं अर्धं काम मावशींच्या हातात होतं, आणि मी त्यांना तसंच सांगितलं.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, “मह्या हातात असंल तर न्हाई देत.”

सुनेची गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली. तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा, फुकट. ही औषधं सरकार 2004 पासून मोफत देतं. रक्तवाढीची आणि कॅल्शियमची गोळी कधी घ्यायची ते मात्र एआरटी (म्हणजे एचआयव्हीवरची औषधं) देणाऱ्या केंद्रात विचारून घ्यावं, कारण ती चुकीच्या वेळी घेतली तर एआरटीचा असर कमी होतो.

अडचण दुसरीकडूनच आली. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी सांगलीकडे निघाली. सून घरी राहिली आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असल्यानं दादा अर्ध्या कोयत्यानं, म्हणजे जोडीशिवाय एकटेच, गेले. परतल्यावर त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, जास्त आलं. खोदून विचारल्यावर म्हणाले, “बाटली खुळखुळते मॅडम. कोपीला कोपी लागून, झोपडीला झोपडी. कोण आजारी आहे, कसल्या गोळ्या, लगेच विचारतात.” शिवाय गोळी रात्रीची, आणि रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागायचं.

आख्खं घर ताटाला भीत होतं, आणि धोका या चुकलेल्या गोळ्यांत होता. गोळी वारंवार चुकली की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दादही देईनासा होतो. उलट गोळी नेमानं घेऊन व्हायरल लोड तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही, त्यामुळे तसं सांगून पैसे मागणाऱ्याकडे फिरकू नये. आम्ही दादांची वेळ बदलली: पहाटे तोंड धुतलं की लगेच गोळी. खुळखुळ थांबवायला त्यांनी स्वतःच बाटलीत कापूस भरला. पुढच्या तपासणीत लोड खाली आला.

बाळाची शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात झाली, निगेटिव्ह. सहा महिने घुटीचं बोटसुद्धा लागलं नव्हतं. फुलीचं ताट तेव्हाही वेगळंच होतं, सुनेनं मला सांगितलं. भाकऱ्या मात्र तीच करते आणि सगळे खातात.

तुमच्याही घरात कुणी टोळीबरोबर जाणार असेल आणि एआरटीवर असेल, तर दसऱ्याआधी आपल्या एआरटी केंद्रात जाऊन सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते विचारा आणि कारखान्याजवळच्या केंद्रासाठी पत्र घ्या. कार्ड सोबत ठेवा. नाव न सांगता विचारायचं असेल तर 1097 हा फोन फुकट आहे.