खोक्यात नसलेली रिकव्हरी डीव्हीडी

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रमागाचा लहान कारखाना आहे. बिले, हिशेब आणि चादरींची डिझाइने तीन वर्षांपूर्वी नवी पेठेतील एका दुकानातून घेतलेल्या लॅपटॉपवर आहेत. गेल्या आठवड्यापासून तो निळ्या पडद्यावर अडकतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. दुरुस्ती करणारे म्हणतात, फॉरमॅट मारून विंडोज टाकावे लागेल. आमच्या जुन्या लॅपटॉपबरोबर रिकव्हरीच्या डीव्हीडी मिळाल्या होत्या. या वेळी खोक्यात चार्जर आणि कागदपत्रांखेरीज काही नव्हते. दुकानदाराने त्या ठेवून घेतल्या असतील का? शिवाय बारावीतला माझा मुलगा ‘मीच करतो’ म्हणतो. त्याला करू द्यावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुकानदारावर संशय घेऊ नये. उत्पादकांनी डीव्हीडी देणे बऱ्याच वर्षांपूर्वीच थांबवले आणि त्याऐवजी डिस्कचाच एक लहान भाग रिकव्हरीसाठी राखून ठेवण्याची पद्धत आणली. त्यांचा खर्च वाचला. ग्राहकाची मात्र अडचण अशी की डिस्क निकामी झाली की तिच्यातला हा भागही तिच्याबरोबर जातो. म्हणून यंत्र धडधाकट असतानाच पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह तयार करून ठेवायचा असतो आणि ही सोय विंडोजमध्येच असते. हे विकताना सांगणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही.

आपली वेळ अजून गेलेली नाही. दुसऱ्या चालू संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील साधन घेऊन किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत, मात्र त्या पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व पुसले जाते. परवान्याची चिंता नको. 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 पासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच परवान्याची किल्ली साठवलेली असते आणि मूळचीच आवृत्ती पुन्हा टाकली तर ती स्वतःहून ओळखली जाते. होम आवृत्तीच्या यंत्रावर कोणी प्रो टाकून ती कुठल्याशा जुगाडाने चालू करून देत असेल, तर आपण मोजलेल्या पैशांचा परवाना पडून राहतो आणि जिच्यावर बिले ठेवायची ती प्रत चोरीची ठरते. दुरुस्तीला देताना हे आधीच स्पष्ट विचारावे.

आता मुलाविषयी. विंडोज टाकणे हे काम बारावीच्या मुलाला जमण्यासारखे आहे. माझी धास्ती त्याच्या आधीच्या पायरीची आहे. ‘माझे सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे’ असे लोक निर्धास्तपणे सांगतात, पण डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये ठेवलेल्या फायली सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाही पुष्कळदा तिथेच असतो, आणि फॉरमॅट मारताना नेमका तोच भाग पुसला जातो. म्हणून प्रथम पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, सुरू करून सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात आणि त्यांतल्या दोन-चार उघडून पाहाव्यात. लिनक्समधून ड्राइव्ह उघडत नसेल, तर तो बहुधा बिटलॉकरने, म्हणजे डेटा सांकेतिक करणाऱ्या विंडोजमधल्याच सोयीने, कुलूपबंद झालेला आहे. त्याची 48 अंकी किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्या खात्यात सहसा असते आणि ती मोबाइलवरूनही पाहता येते. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने खाते उघडून दिले असेल, तर त्याच्याकडे जावे लागेल ते यासाठी.

फायली हाती आल्यानंतर लॅपटॉपवर पडद्यावरच मिळणारा ‘रीसेट’ वापरून पाहावा. त्यात फायली राखण्याचा पर्याय असला, तरी बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअरे जातात. तेही जमले नाही, तर पेनड्राइव्हवरून नव्याने विंडोज टाकावे.

पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा ती कधी दिसते कधी दिसत नाही असे होत असेल, तर मुलाला तिथेच थांबवावे आणि लॅपटॉप वारंवार सुरू करून पाहू नये, कारण अशा डिस्कवर प्रत्येक प्रयत्नागणिक उरलेला डेटा हातचा जाऊ शकतो. डिझाइने परत मिळवायची असतील, तर डिस्क फॉरमॅट न करता जाणकाराकडे न्यावी. आत सुताचे तंतू साचून पंखा अडला असेल, हे मागांजवळच्या यंत्रांत सहज घडते, तर मागचे झाकण उघडण्याआधी बॅटरीची जोडणी कशी सोडवायची हे मुलाला ठाऊक आहे का, एवढे विचारून घ्यावे.