लेडीज मीटला तुम्ही जायचंच

प्रश्न : बायको लष्करात आहे, इंजिनिअर्समध्ये लेफ्टनंट कर्नल. कर्नलच्या बोर्डात तिची निवड झाली, आता पठाणकोटला रेजिमेंटची कमांड मिळतेय. मी हिंजवडीत नोकरीला, मुलगा नववीत. खेड्यापाड्यांतले जवान बाईचं ऐकतील का? मुलाच्या दहावीचं काय? (शिवाय सीओची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरची, बायको तिथे जवानांच्या बायकांची लेडीज मीट घेते म्हणे. मी जाऊन बसू?) तिनं कमांड नाकारावी, हे तिला कसं समजावू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : खरं दुखणं तुम्ही कंसात टाकलंय.

जवानांचं आधी उरकते. ग्रामीण भागातून आलेल्या जवानांची बाईचा हुकूम मानायची मानसिक तयारी नाही, हे सरकारनंही सर्वोच्च न्यायालयात सांगून पाहिलं. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयानं ते झिडकारलं आणि कमांडच्या नेमणुका बायकांना खुल्या झाल्या. २०२३ मध्ये कर्नल गीता राणांनी पूर्व लडाखमध्ये ईएमईच्या, म्हणजे लष्करातल्या यंत्रदुरुस्ती खात्याच्या, फील्ड वर्कशॉपची कमांड घेतली. पायदळ आणि रणगाडे बायकांना अजून बंद आहेत, त्यावर भांडायचं तेव्हा भांडू. तुमच्या बायकोकडे सॅपर्स, म्हणजे इंजिनिअर्सचे जवान, येताहेत. सुरुंग काढायचे, पूल टाकायचे, मागच्यांना वाट करून द्यायची. इतकी वर्षं तिनं हेच केलंय. सुभेदार मेजर पहिल्याच दिवशी तिला कडक सॅल्यूट ठोकेल. अडलंय ते तुमचं.

आता कंसाकडे. सीओची बायको ही पलटणीतली बिनपगारी, बिनहुकमाची नेमणूक. नवरा फील्डवर गेलेल्या बाईचं क्वार्टर गळतंय, लेकराला शाळेत प्रवेश मिळत नाही, बँकेत केवायसी अडलंय, सासरचे पैशांवरून छळतात, हे सगळं तिच्यापाशी येतं. मध्ये तंबोला आणि समोसेही असतात, म्हणून लोकांना ती मजा वाटते. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे केलं, दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधून. किती जणींनी त्यापायी नोकऱ्या सोडल्या! ‘मी तिथे कशी दिसेन’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारूही दिला नाही. पहिल्यांदा ती खुर्ची एका नवऱ्यापुढे आली, तर साहेबांना लाज वाटते!

काही जणी घरचं दुखणं पुरुषापुढे बोलणार नाहीत, हे खरं. तिथे सेकंड-इन-कमांडच्या पत्नीला पुढे करा. केवायसी, शाळेचे ऑनलाइन फॉर्म, पेन्शनचे अर्ज तुम्ही घ्या. हिंजवडीत दिवसभर दुसरं काय करता? तंबोल्याचे आकडे पुकारायला सांगितलं, तर मोठ्यानं पुकारा.

दहावीचं म्हणाल, तर वडील सीमेवर असताना दहावी झालेली पोरं वानवडी-घोरपडीत गल्लोगल्ली सापडतील. त्यांच्या आयांनी निभावलं. तुमच्या पोराचा तर बाप घरात आहे. कुकर लावता येत नसेल तर या रविवारी शिका.

तिला काही समजावू नका. कमांड हाती घेण्याची तारीख विचारा आणि आजच रजा टाका. झेलम पुण्याहूनच सुटते, पठाणकोट कँटला थांबते. दोन तिकिटं काढा, मुलालाही न्या. नववीचे चार दिवस बुडाले तर काही बिघडत नाही.