'उकियो' : तरंगतं जग की दुःखाचा संसार?

एका वाचकांचा प्रश्न आहे : जपानी छापचित्रांवरच्या लेखांत 'उकियो' या शब्दाचा अर्थ कुठे 'तरंगते जग' दिलेला असतो, तर कुठे 'दुःखमय संसार'. यातला बरोबर कोणता? आणि आपला 'भवसागर' तिथे चालेल का?

दोन्ही अर्थ बरोबर आहेत. 'यो' म्हणजे जग, हयात. 'उकि' या उच्चाराचे मात्र दोन शब्द आहेत, एक क्लेशकारक या अर्थाचा आणि दुसरा तरंगणारा या अर्थाचा. कानाला फरक कळत नाही, लिहिताना चिनी चिह्न बदलतं. जुन्या दरबारी कवितेत क्लेशाचा अर्थ ठळक होता. हा संसार दुःखाचा, यातून सुटका हवी, अशी ती बौद्ध भावना. तरंगण्याचं चिह्नही वापरात होतं, पण त्याचा रोख क्षणभंगुरतेकडे असे.

रंग पालटला तो एदो काळात (१६०३ ते १८६८). यादवी संपली, एदो (आजचं तोक्यो), ओसाका आणि क्योतो ही शहरं फुगली. व्यापारी आणि कारागीर, म्हणजे 'चोनिन', यांच्या हाती पैसा आला, समाजातली पायरी मात्र खालचीच राहिली. छापील पुस्तकांना हा नवा वाचक मिळाला. १६६०च्या दशकात आसाइ र्‍योइ याने 'उकियो मोनोगातारी' लिहिलं. हा लेखक बौद्ध भिक्षू होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो सुरुवातीलाच उकियोची नवी व्याख्या देतो. तिचा आशय असा : उद्याचा घोर न लावता क्षणात जगावं, चंद्र, बर्फ, फुलं आणि लाल झालेली मेपलची पानं पाहावीत, गावं, प्यावं, दारिद्र्य समोर उभं असलं तरी खचू नये, नदीच्या धारेवर वाहत जाणाऱ्या भोपळ्यासारखं असावं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधत. कितीही दाबला तरी तो वर येतो. र्‍योइला नेमकं तेच सुचवायचं आहे.

म्हणूनच 'भवसागर' मला पटत नाही. भवसागर तरून जायचा असतो, पैलतीर गाठायचा असतो. र्‍योइचा भोपळा तरतो, पण त्याला पैलतीर नाही आणि तो हवाही नाही.

पुढे 'उकियो' हा शब्द फॅशनच्या वस्तूंनाही चिकटला. नव्या चालीची टोपी निघाली तर ती 'उकियो' टोपी. नाटकं, नट, रंगमहालांचा मोहल्ला हे सगळं त्यात आलं. पण त्या मोहल्ल्यातल्या मुली बहुधा गरीब घरांतून पैशाच्या करारावर आणलेल्या असत, आणि त्यांच्या जिण्याला दुसरा शब्द होता : 'कुगाइ', दुःखाचं जग. हाही मुळात बौद्धांचाच शब्द. गिऱ्हाइकाचं उकियो आणि तिचं कुगाइ एकाच छपराखाली नांदत होतं. 'तरंगते जग' म्हणून नुसती रंगीत चित्रं दाखवणाऱ्या लेखांत हे राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे तर ओसाकाच्या इहारा साइकाकुकडे (१६४२ ते १६९३) जावं. १६८२ साली एका रंगेल माणसाची कादंबरी लिहून त्याने 'उकियो-झोशि', म्हणजे उकियोच्या पुस्तकांचा, प्रकार सुरू केला. मला मात्र त्याचं १६९२चं 'सेकेन मुनेसान्यो' जास्त जवळचं वाटतं. त्यातल्या साऱ्या गोष्टी वर्षाच्या शेवटच्या दिवशी घडतात, कारण उधारी चुकती करण्याचा तो दिवस. एका गोष्टीत देणेकरी हातात सुरी घेऊन पोट फाडून घेण्याचं नाटक करतो आणि कोंबड्याची मान उडवतो. वसुलीला आलेले सगळे पळतात. लाकूडवाल्याचा तरुण नोकर तेवढा हलत नाही. लाकडाचे पैसे आले नाहीत तोवर दाराचे खांब आमचेच, असं म्हणून तो मोगरीने ते ठोकून काढायला लागतो! गोष्टीच्या नावातच 'कारि नो यो' असा श्लेष आहे. 'कारि' म्हणजे तात्पुरतं, आणि 'कारि' म्हणजे उसनंही. जग क्षणिक आहे ही धर्माची शिकवण आणि दाराचे खांब उधारीचे आहेत ही दुकानदारीतली वस्तुस्थिती, दोन्ही एका शब्दात.

त्याच साइकाकुने मरताना जी ओळ लिहिली तिचा भाव असा : माणसाचं आयुष्य पन्नास वर्षांचं, मी मात्र उकियोचा चंद्र दोन वर्षं जास्तच पाहिला. इथल्या 'उकियो'चं मराठी 'दुःखमय संसार' केलं तर चंद्र जातो, आणि 'तरंगते जग' केलं तर मरण जातं.

तेव्हा माझं मत असं : एदोच्या आधीच्या कवितेत 'दुःखाचा संसार' खुशाल वापरा. एदो काळासाठी 'उकियो' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा करा. मराठीच शब्द हवा असेल तर 'तरंगते'पेक्षा 'वाहते जग' बरं. 'तरंगते' म्हटलं की हवेतलं पीस डोळ्यांसमोर येतं, इथे तर पाणी आहे आणि त्याला ओढ आहे. आणि या छापचित्रांना 'उकियो-ए' म्हणतात. त्यातला 'ए' म्हणजेच चित्र, त्यामुळे 'उकियो-ए चित्रे' असं लिहू नये. 'उकियो-ए' किंवा 'उकियो-ए शैली' पुरेसं आहे.