टॅब मैत्रिणीचा, डोकेदुखी माझी

प्रश्न : माझं वय ६२. शाळेपासूनच्या मैत्रिणीने ऑनलाइन सेलमधून साडेचार हजारांचा टॅब मागवला, दहा इंची, बॉक्सवर १२ जीबी रॅम आणि ५१२ जीबी स्टोरेज असं ठसठशीत छापलंय. मी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस वगैरे ठेवते म्हणून तिच्या लेखी मी कम्प्युटर इंजिनिअर, त्यामुळे "तूच बघ गं काय ते" म्हणत टॅब चार दिवस झाले माझ्याकडे आणून ठेवलाय. व्हॉट्सअ‍ॅप टाकायचं तर नंबर लागेल आणि टॅबला सिमची जागाच नाही. तिला जीपेपण पाहिजे. कोपऱ्यावरचा मोबाईलवाला म्हणतो पेन ड्राइव्हमधून सगळी अ‍ॅप शंभर रुपयांत भरून देतो. घेऊ का भरून? आणि माझंच जीमेल टाकून टॅब चालू करू का? तिला तिचा पासवर्ड आठवत नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मोबाईलवाल्याला शंभर रुपये देऊ नका आणि तुमचं जीमेलही टाकू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण मैत्रीण रोज संध्याकाळी "झालं का गं?" विचारत असणार आणि अशा घाईत माणूस नेमकं हेच दोन्ही करून बसतो.

पहिलं काम अ‍ॅपचं नाहीच. बिल काढा आणि परत करायची मुदत कधी संपते ते बघा. चार दिवस तर तुमच्याच घरी गेलेत.

आता तो बॉक्स. साडेचार हजारात १२ जीबी आणि ५१२ जीबी मिळत नाही हो. पुष्कळदा खरी रॅम, म्हणजे टॅबची काम करतानाची मेमरी, असते ३ किंवा ४ जीबी, स्टोरेजमधला एक तुकडा तात्पुरता रॅमसारखा वापरतात, दोन्हीची बेरीज करून मोठ्या अक्षरात छापतात आणि खाली मुंगीच्या अक्षरात खरं काय ते लिहितात. चष्मा लावून तेवढं वाचा. स्टोरेजमध्ये तर याहून मोठी चलाखी चालते, सेटिंग्जमध्येही ५१२ च दिसतं कारण तेवढा आकडा दाखव असं सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतं, आणि आत असतात ३२. मग एक दिवस नातवाच्या बारशाचे व्हिडिओ उघडत नाहीत. दुसरी गोष्ट, बॉक्सवर किंवा टॅबच्या पाठीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि R ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असायला हवा, आपल्याकडे टॅब विकायचा तर ही नोंदणी सक्तीची आहे. तुमच्या फोनवर बीआयएस केअर अ‍ॅप घ्या, त्यात हा नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबरच नसेल किंवा कुठल्या भलत्याच वस्तूचा निघाला तर पुढचं वाचायचीही गरज नाही, टॅब परत करा.

हे ठीक निघालं तर मग अकाउंट. इथे माझीच फजिती सांगतो. बार्शीच्या मामाला असाच एक टॅब लावून दिला, त्याचं जीमेल नव्हतं, मला गाडी पकडायची होती, म्हटलं टाका माझं. पुढच्या आठवड्यात माझ्या यूट्यूबवर ट्रॅक्टरच्या ओढीचे व्हिडिओ यायला लागले, ते एकवेळ चाललं असतं. पण माझे सगळे कॉन्टॅक्ट त्या टॅबवर गेले होते, मामा दुपारचा निवांत बसला आणि "ही कोण माणसं माझ्या टॅबमध्ये" म्हणत एकेक नाव उडवत गेला, आणि सिंक चालू असल्यामुळे तिकडे तो उडवेल तसं इकडे माझ्या फोनमधून नाव गायब. प्लंबर गेला, सोसायटीचा सेक्रेटरी गेला, सासऱ्यांचा नंबर गेला. गुगल कॉन्टॅक्टच्या ट्रॅशमध्ये उडवलेली नावं ३० दिवस राहतात म्हणून वाचलो. तेव्हापासून माझा नियम पक्का, टॅब ज्याचा अकाउंट त्याचंच.

तुमच्या मैत्रिणीच्या फोनमध्ये जीमेल आधीच चालू असणार. पासवर्ड आठवत नसला तरी त्याच फोनमध्ये 'फरगॉट पासवर्ड' दाबलं की बऱ्याचदा फोनचंच पिन किंवा बोट मागतात आणि नवीन पासवर्ड ठेवता येतो. म्हणजे ती शेजारी बसलेली हवी. टॅब तुमच्या घरी आणि ती तिच्या घरी असं हे काम होणार नाही, चहाला बोलावून घ्या. नवा पासवर्ड तिच्याच हाताने तिच्याच डायरीत, आणि तो टाइप करतानाही तिनेच करायचा, कितीही वेळ लागला तरी.

लॉगिन झालं की प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडचा गोल, सेटिंग्ज, अबाउट, आणि तिथे प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन. 'डिव्हाइस इज सर्टिफाइड' असं असेल तर देव पावला. नसेल तर त्या कंपनीने गुगलच्या तपासण्या पार न करताच टॅब बाजारात आणलाय. अशी उपकरणं स्वतः गुगलकडे रजिस्टर करायची सोय आहे, आणि तुमच्या ओळखीतला एखादा कॉलेजचा पोरगा पाच मिनिटांत ते करूनही देईल, पण मला विचाराल तर मुदत आहे तोवर परत पाठवा. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या भानगडीबद्दल लोकांना सावध केलं होतं. त्यात जास्त करून स्वस्तातले टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटो फ्रेम असलं सामान होतं, काहींत विकायच्या आधीच मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, भरलेलं आणि काहींत सेटअप करताना बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपमधून शिरलेलं. तुमचा टॅब तसाच असेल असं नाही म्हणत मी, पण ज्यावर तिचं मेल आणि नातवंडांचे फोटो असणार तिथे कशाला विषाची परीक्षा.

पेन ड्राइव्हला नाही म्हणायचं कारणही हेच. तो देतो त्या एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायच्या फाईल, कुठून उतरवल्या ते त्यालाही माहीत नसतं, त्या टाकायला 'अननोन अ‍ॅप्स'ची परवानगी चालू करावी लागते आणि काम झाल्यावर ती बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मग उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाखाली एखादी एपीके आली की बोट लागायचा अवकाश. तशी ही खोड जुनीच, ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी आकाश टॅब आणला त्यावरही गुगलचं मार्केट, म्हणजे आताचं प्ले स्टोअर, नव्हतं, गेटजार नावाचं अ‍ॅपचं दुसरंच दुकान होतं. आता मात्र प्ले स्टोअर असताना पेन ड्राइव्हकडे जायचं काही कारण नाही.

लॉगिन केल्या केल्या कुठलंच अ‍ॅप उतरणार नाही, नुसतं 'पेंडिंग' दिसेल. टॅब खराब नाहीये, आधीपासून आत असलेली अ‍ॅप स्वतःला अपडेट करत असतात आणि तुमचं अ‍ॅप रांगेत मागे उभं असतं. फोनचा हॉटस्पॉट लावून बसलात तर रोजचा दीड जीबी त्यातच संपेल, म्हणून कुणाच्या तरी घरच्या वायफायवर लावा आणि जेवून या. तारीख-वेळ बरोबर आहे ना तेही बघा, टॅब जुन्या सालात अडकला असेल तर प्ले स्टोअर नीट चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपला सिम लागत नाही. टॅबवर अ‍ॅप उघडलं की क्यूआर कोड येतो, नंबर विचारत असेल तर तीन टिंबांतून दुसऱ्या फोनला जोडायचा पर्याय घ्या. मग तिच्या फोनच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तीन टिंबं, लिंक्ड डिव्हायसेस, लिंक अ डिव्हाइस, आणि तो कोड स्कॅन करा. फोनशिवाय अशी चार उपकरणं जोडता येतात. फक्त फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप १४ दिवस उघडलंच नाही तर टॅबवरून लॉगआउट होतं.

जीपे विसरा. यूपीआय सुरू करताना त्याच उपकरणातल्या सिममधून बँकेकडे एसएमएस जातो, सिम नाही तर काहीच नाही. मोठ्या स्क्रीनवर, चार पाहुणे बसलेत अशा हॉलमध्ये पैसे पाठवण्यापेक्षा हे बरंच आहे म्हणा.

बाकी काय टाकायचं ते तिला विचारा, तुम्ही ठरवू नका. जीबोर्डमध्ये मराठी कीबोर्ड लावून द्या, अक्षरं मोठी करा, आणि माइकच्या बटणावर बोट ठेवून तिला एकदा मराठीत बोलायला लावा. "आज भाजी काय करू" असं बोलल्यावर ते स्क्रीनवर उमटलं की बघा चेहरा कसा होतो. नातवंडं येत असतील तर बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, त्यासाठी वेगळं अ‍ॅपही लागत नाही.

प्रश्न : मित्राच्या स्वस्तातल्या टॅबवर नेटफ्लिक्स टाकून दिलं, चालतं, पण चित्र पाण्यातून बघितल्यासारखं. माझ्या फोनवर तेच अकाउंट, तेच वायफाय, एकदम स्वच्छ. अ‍ॅप काढून परत टाकू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शंभर वेळा टाकलंत तरी तसंच दिसेल. चोरून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये वाइडव्हाइन नावाचं कुलूप असतं, त्याची एल१ पातळी असेल तरच नेटफ्लिक्स एचडी देतं. बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये एल३ असते, त्यावर कमी स्पष्ट असं साधं एसडी चित्रच मिळतं, मग स्क्रीन कितीही भारी असो. नेटफ्लिक्सच्या अ‍ॅप सेटिंग्जमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन उघडा, तिथे पातळी लिहिलेली दिसेल. यूट्यूब मात्र त्याच टॅबवर चांगलं दिसेल, त्याच्या साध्या व्हिडिओंना हे कुलूप नसतं. मित्राला सांगा सिनेमे टीव्हीवर बघ, आणि नेटफ्लिक्स तुमच्या अकाउंटवर चालू असेल तर जाता जाता त्या टॅबवरून लॉगआउट करून या.