शिक्षकांसाठी अभ्यासक्रमशास्त्राची पदव्युत्तर वाट

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ११ वर्षांपासून शिकवते. डी.एड.नंतर बी.ए. आणि बी.एड. नोकरीत असतानाच पूर्ण केले. माझ्या वर्गातील बहुतेक मुले घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात आणि तिसरीपर्यंत पुस्तकातील मराठीशी झगडत राहतात. माझी मामेबहीण अमेरिकेत शिक्षिका असून ती ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’ या विषयात मास्टर्स करते आहे. आपल्याकडे असे शिक्षण मिळते का? नोकरी सांभाळून ते करता येईल का, आणि पगारात त्याचा काही फायदा होतो का?
— एक शिक्षिका, जि. नाशिक

उत्तर : पगाराचे आधी सांगते, कारण ते उत्तर लहान आहे. शिक्षकांची वरिष्ठ वेतनश्रेणी १२ वर्षांच्या आणि निवडश्रेणी २४ वर्षांच्या सेवेशी व त्यासाठीच्या प्रशिक्षणाशी बांधलेली आहे. प्राथमिक शिक्षिकेने एम.एड. केले म्हणून तिचे वेतन आपोआप वाढत नाही. पुढे बी.एड. महाविद्यालयात एखाद्या विषयाचे अध्यापनशास्त्र शिकवायचे असेल, तर मात्र त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशा दोन्ही पदव्या किमान ५५ टक्के गुणांनी लागतात.

तुमची मामेबहीण जे शिकते आहे, त्या नावाचा स्वतंत्र विभाग अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत असतो. आपल्याकडे तो विषय प्रामुख्याने एम.एड.मध्ये सामावलेला आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचे केले आणि तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र यांच्या बरोबरीने ‘अभ्यासक्रम अध्ययन’ हा विषय सर्वांसाठी ठेवला. त्याशिवाय प्राथमिक किंवा माध्यमिक यांपैकी एका स्तराचे विशेष अध्ययन करावे लागते. तुम्ही प्राथमिकच निवडावे. माध्यमिकला अधिक वजन आहे या समजुतीने अनेक प्राथमिक शिक्षक तिकडे वळतात आणि हातातला अनुभव वाया घालवतात, याचे मला वाईट वाटते.

या विषयात नेमके काय शिकतात, हे तुमच्याच वर्गावरून सांगता येईल. राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ मध्ये अभ्यासक्रम रचणाऱ्यापुढे चार प्रश्न ठेवले : शाळेला कोणती उद्दिष्टे गाठायची आहेत, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, त्या अनुभवांची मांडणी कशी करायची आणि उद्दिष्टे गाठली गेली हे कसे ओळखायचे. आता असे समजा, की तिसरीच्या मुलाने पाहिलेला प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगावा, हे तुमचे उद्दिष्ट आहे. एखादी मुलगी आठवडी बाजारात आईने नागली कशी विकली हे कोकणा बोलीत अगदी ओघवते सांगते आणि तेच प्रमाण मराठीत सांगताना दोन वाक्यांत गप्प होते. तिने उद्दिष्ट गाठले की नाही? गाठले म्हणाल, तर तिच्या नोंदीत ते कसे लिहाल? नाही म्हणाल, तर तुम्ही तिचे कथनकौशल्य तपासत होता की प्रमाण मराठी? हा प्रश्न तुमच्यापुढे रोज उभा असतो, परंतु घंटा झाली की तो मागे पडतो. पदव्युत्तर अभ्यास तो प्रश्न नीट मांडण्याची आणि पुरावा गोळा करून तपासण्याची शिस्त देतो. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हणते, तेव्हा ‘शक्य तेथवर’ म्हणजे तुमच्या शाळेत नेमके कुठवर, हेही शोधण्याजोगे आहे.

टायलरच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली, तीही वाचा. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी १९७५ मध्ये शिक्षकाने स्वतःच्या वर्गाचा संशोधक व्हावे, अशी भूमिका मांडली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील कोसबाडला हेच काम फार आधी हाती घेतले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणात नेली, तेव्हा शाळेची जागा आणि वेळ तर बदललीच, शिकवण्याचे साहित्यही भोवतालच्या निसर्गातून आले. सुरगाण्याच्या शिक्षिकेने अभ्यासक्रमशास्त्र शिकताना कोसबाडचा प्रयोग मुळापासून अभ्यासावा, असे मला मनापासून वाटते.

नोकरी सांभाळून हे जमेल का, याचे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. एम.एड.ला राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बी.एड.ला किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. वर्षाला २०० दिवस काम, तासिका व प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के उपस्थिती असा नियम आहे. म्हणजे रोजची शाळा सांभाळून एम.एड. प्रामाणिकपणे होऊ शकत नाही. ‘फक्त परीक्षेला या’ असे सांगणारे कोणी भेटले, तर तिथे जाऊ नका. सेवेत असलेल्या शिक्षिकेची एकाच दिवशी दोन ठिकाणी उपस्थिती लागणे ही साधी चूक मानली जात नाही. प्रवेशाआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगी आणि अध्ययन रजेसाठी अर्ज करा, आणि दोन वर्षांचा घरखर्च मांडून पाहा.

रजा शक्य नसेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील एम.ए. ही दूरस्थ पदवी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेता येते. ती एम.एड. नव्हे, आणि जिथे एम.एड.ची अट आहे तिथे ती चालत नाही. पण वर्गात राहूनच विचार पक्का करायचा असेल, तर तुमच्यासाठी मला तीच अधिक योग्य वाटते. वर्ग रोज समोर असताना वाचलेले लगेच तपासून पाहता येते, ही सोय पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळत नाही.

दोन्हीपैकी काहीही निवडले, तरी एक काम आजच सुरू करा. पुष्कळ विद्यार्थी लघुशोधप्रबंधाचा विषय ग्रंथालयातील जुन्या प्रबंधांच्या नावांवरून ठरवतात आणि दोन वर्षांतील सर्वांत मोलाचा भाग तिथेच निसटतो. तुम्ही एक वही घाला. दर आठवड्याला तीन-चार मुलांचे बोलणे जसेच्या तसे लिहून ठेवा, कोणता शब्द कोकणा बोलीत आला, कुठे मूल थांबले आणि तुम्ही काय केल्यावर पुढे बोलू लागले, हे तारखेसह नोंदवा. मुलांची नावे लिहू नका, खुणेची अक्षरे वापरा. तुमच्या केंद्रातील शाळांच्या शिक्षण परिषदेत ही वही एकदा सहकाऱ्यांपुढे ठेवा. शेजारच्या शाळेतही तोच अनुभव असेल, तर तुमचा संशोधनविषय आणखी भक्कम होईल. प्रवेश घेताना मार्गदर्शकांना भेटून हीच वही दाखवा, आणि ती वाचून तुम्हाला उलट प्रश्न विचारणारे मार्गदर्शक जिथे भेटतील, तिथेच नाव नोंदवा.