सेन्सरमधला पोस्टडॉक शोधताय? आधी एवढं करा

पीएचडी संपत आल्याबद्दल अभिनंदन! आता पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं तात्पुरतं पद, शोधायची घाई होतेच, पण शंभर ठिकाणी एकच मेल पाठवू नका. तो उघडलाही जात नाही. पाचच संशोधन गट निवडा, प्रत्येकाचे अलीकडचे दोन पेपर नीट वाचा आणि त्यांच्या कामात तुम्ही नेमकी कुठे भर घालाल ते चार ओळींत लिहा.

सर्वात जास्त वेळ तुमच्या डेटावर घाला. नवखे फक्त संवेदनशीलतेचा (सेन्सर किती कमी प्रमाण ओळखतो किंवा किती ठळक प्रतिसाद देतो) आकडा पुढे करतात. मुलाखतीत मात्र विचारतात: बफरमध्ये (प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात) चालणारा सेन्सर रक्ताच्या नमुन्यात चालतो का? महिनाभरात ड्रिफ्ट (वाचन हळूहळू सरकणं) किती? किती वेगवेगळ्या उपकरणांवर तेच उत्तर आलं? ही उत्तरं एका आलेखात तयार ठेवा. माझ्या मते निवड इथेच होते.

फेलोशिपसाठी दोन गोष्टी:
- पात्रता आधी तपासा. मेरी क्युरी फेलोशिपमध्ये (युरोपियन युनियनची संशोधकांसाठीची फेलोशिप) गेल्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही.
- यजमान प्राध्यापकांशी मुदतीच्या चार-पाच महिने आधी बोला.

पेटंट, स्वतःचा गट वगैरे नंतर बघू. आधी ते पाच गट ठरवा आणि यादी इथे टाका, मी बघतो.