इंदूरच्या एबी रोडवर एक सिग्नल हिरवा मिळाला की पुढचा नेमका लाल का लागतो? उपाय काय?

दोन सिग्नलांची वेळ एकमेकांशी जुळवलेली नसते, म्हणून. पलासिया, गीता भवन यांसारख्या ओळीतल्या चौराह्यांचं पूर्ण चक्र, म्हणजे एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ, आधी सारखं करावं लागतं, समजा ९० सेकंद. एकाचं ९० आणि दुसऱ्याचं १२० असेल, तर मेळ दर फेरीला बिघडतो.

मग पुढचा हिरवा किती उशिरा सुरू करायचा ते ठरवायचं. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. अंतर ५०० मीटर असेल तर ४५ सेकंद. हे ९० च्या बरोबर निम्मे, त्यामुळे येणारे आणि जाणारे दोघांनाही हिरवा मिळतो. असा योग क्वचित येतो. एरवी सकाळी एका दिशेला आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेला झुकतं माप द्यावं लागतं.

खरी चूक पुढे होते. पुढच्या सिग्नलवर आधीच आठ गाड्यांची रांग उभी असेल, तर ती हलायला गाडीमागे २ सेकंद धरून १६ सेकंद जातात. तेवढा हिरवा आधी दिला नाही, तर मागून आलेल्यांना ब्रेक मारावाच लागतो.

वीज गेल्यावर कंट्रोलरचं, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ सरकतं आणि सगळा हिशेब कोसळतो. जीपीएसवरून वेळ घेणारे कंट्रोलर हवेतच. आणि घाई म्हणून पिवळ्याचे ३ सेकंद किंवा त्यानंतरचे सर्व बाजू लाल ठेवणारे २ सेकंद कधीही कापू नयेत, तिथे माणसं मरतात.